तुम्ही विचारलंत म्हणून : देवाचा इशारा कळतो कसा?

भायखळ्याला चर्चमध्ये उपासना संपली की तरुण मुलंमुली मला गाठतात आणि एक प्रश्न हमखास येतो : "मावशी, देव इशारा देतो म्हणता, तो तुम्हाला कळतो कसा? आवाज येतो का?"

मला आवाज कधी आला नाही. पावसापाण्यात तो शोधायचंही मी सोडलं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा 'ही शहराच्या पापांची शिक्षा' असं म्हणणारे मला भेटले होते. शिलोहाचा बुरूज कोसळून 18 जण मेले, ते यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होते असं समजू नका, हे प्रभू येशूने सांगून ठेवलंय. पश्चात्ताप त्याने ऐकणाऱ्यांकडेच मागितला.

मला शिकवलं ते बायबलमधल्या एका बापलेकाने. यरुशलेमेतल्या मंदिराची डागडुजी चालू असताना नियमशास्त्राचा, म्हणजे देवाच्या आज्ञांचा, ग्रंथ सापडला. तो वाचून दाखवताच योशीया राजाने अंगावरचे कपडे फाडले आणि देवाचा संदेश सांगणाऱ्या हुल्दा संदेष्ट्रीकडे माणसं धाडली. पुढे त्याचाच मुलगा यहोयाकीम राजा झाला. त्याच्यापुढे यिर्मया संदेष्ट्याची, देवाचा इशारा लिहिलेली गुंडाळी वाचली गेली तेव्हा नववा महिना होता, थंडीचे दिवस, समोर शेगडी पेटलेली. तीन-चार रकाने वाचून झाले की तेवढा भाग चाकूने कापायचा आणि शेगडीत टाकायचा. तिघांनी जाळू नका म्हणून विनवलं. त्याने अख्खी गुंडाळी जाळली. शास्त्रात पुढे मुद्दाम लिहिलंय : कोणी भ्यालं नाही, कोणी कपडे फाडले नाहीत. बापाने काय केलं होतं ते आठवलं की हे वाक्य फार लागतं. ऐकलं दोघांनीही होतं.

मीही त्या राजासारखी आठ वर्षं देवाचं वचन कापत होते. आईने जाताना सांगितलं होतं, पाटल्यांचा एक जोड तुझा, एक धाकटीचा. दोन्ही जोड माझ्याच कपाटात राहिले. आजारपणाचा खर्च मी केला, रात्री मी जागले, धाकटी कल्याणहून पाहुणीसारखी यायची, असं मी स्वतःला सांगत असे. यातलं काहीच खोटं नव्हतं, म्हणून तर ते इतकी वर्षं पुरलं. 'चोरी करू नको' वाचताना मला ऑफिसातले लोक आठवायचे.

मग एका प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकरी आणि द्राक्षारस घेण्याच्या, रविवारी शास्त्रपाठ वाचायची पाळी माझी आली. मत्तयचं शुभवर्तमान, पाचवा अध्याय. वेदीजवळ दान आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. हे मी शंभरदा वाचलं असेल. त्या दिवशी 'आधी' या शब्दावर माझा आवाज बसला. माझ्यासाठी इशारा तो एवढाच. शास्त्रपाठ संपवून जागेवर बसले, पण भाकरीची वेळ आली तेव्हा उठून घरी गेले, कपाट उघडलं आणि कल्याणची स्लो लोकल पकडली. उद्यावर टाकलं असतं तर ठाण्यापर्यंतसुद्धा पोचले नसते, हे मला माझ्याबद्दल पक्कं ठाऊक आहे.

धाकटीने रुमाल सोडून पाटल्या बघितल्या. "आठ वर्षं, ताई," एवढंच म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

अजूनही ती मला पूर्वीसारखा आपणहून फोन करत नाही. रविवारी संध्याकाळी मीच करते.