मावशीची चकली आणि एक्सेलचा सॉल्व्हर

मावशीचं दिवाळी फराळाचं काम घरगुतीच, पण यंदा ऑर्डरी भरपूर आणि हातात रोख फक्त 32,000, किराणावाला सणात उधारी देत नाही म्हणजे बेसन, तूप, तेल, डबे सगळं त्यातच बसवायचं. कामाला ती आणि शेजारच्या काकू, दोघींचे मिळून 120 तास. मावशीचा हिशोब सरळ होता, लाडवात किलोमागे 280 सुटतात, चकलीत 200, मग लाडूच करू की!

मी म्हटलं थांब जरा. किलोभर लाडवाला 320 चा माल लागतो आणि 30 मिनिटं, चकलीला माल 160 चाच पण 45 मिनिटं (सोऱ्या फिरवून हात भरून येतो ते वेगळंच). नुसते लाडू केले तर 100 किलोतच पैसे खल्लास, सुटले 28,000, आणि तब्बल 70 तास दोघी रिकाम्या बसणार. नुसती चकली केली तर 160 किलोवर वेळ संपतो, सुटतात 32,000. मग एक्सेलच्या सॉल्व्हरला विचारलं (हातातल्या पैशा-वेळात जास्तीत जास्त नफा कसा सुटेल ते तो शोधून देतो), त्याने काढलं 140 किलो चकली, 30 किलो लाडू, सुटले 36,400, ना रुपया उरला ना मिनिट.

असलं गणित 1939 मध्ये कान्तोरोविच नावाच्या सोव्हिएत गणितज्ञाने लेनिनग्राडच्या प्लायवूडवाल्यांसाठी केलं होतं, पुढे 1975 ला अर्थशास्त्राचं नोबेलपण मिळालं. मावशी म्हणे, त्याला चकली यायची का?

चिवड्यावरून मात्र वाजलं. माल 150, वेळ 12 मिनिटं, सुटतात 120, तरी सॉल्व्हरने शून्य दिला. कारण सॉल्व्हरच्या रिपोर्टमध्ये शॅडो प्राइस म्हणून आकडा असतो, तो सांगतो की हातात एक रुपया जास्त असता तर नफा किती वाढला असता, इथे 69 पैसे, आणि एका मिनिटाचे 2 रुपये. त्या भावाने किलोभर चिवडा 127 रुपयांचा पैसा-वेळ खातो आणि देतो 120. मावशी म्हणाली गप बस, चिवड्याशिवाय फराळाचा डबा कोण घेतं? बरोबरच होतं तिचं, मला कळायला हवं होतं. कमीत कमी 20 किलो चिवडा अशी अट घातली, नफा फक्त 143 रुपयांनी उतरला.

मग त्या 69 पैशांवरूनच बचत गटातून 10,000 उचलायचं ठरलं, महिन्याला 2 टक्के म्हणजे व्याज 200 आणि नफ्यात भर 6,800 च्या वर. पण चिवड्याच्या अटीनंतर 141 किलो झालेली चकली नवीन प्लॅनमध्ये 110 वर आली आणि लाडू 20 चे 67 झाले. मावशी भडकलीच, पैसे वाढले तर चकली कमी कशी? अगं पैसे वाढले, तास तेवढेच ना, चकलीचे तास काढून लाडवाला दिले. तिने दोनदा बोटांवर हिशोब केला, काही बोलली नाही, तुपवाल्याला फोन लावला.