आयसीयूत अण्णांजवळ बसायची परवानगी मिळवताना

आयसीयूच्या दारावरच्या त्या पाटीचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे. ‘भेटण्याची वेळ सकाळी ११ ते ११.३०, संध्याकाळी ५ ते ५.३०. एका वेळी एकच व्यक्ती.’ ज्यांच्या घरातलं ऐंशीच्या पुढचं माणूस आत आहे, त्यांना यातलं काही उपयोगी पडेल.

आमच्या अण्णांचं वय ८४. सोडियम उतरलं, त्यात छातीत कफ झाला. असंबद्ध बोलायला लागले म्हणून पुण्यातल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात थेट आयसीयूत घेतलं. दाखल करणं, डिपॉझिट, कॅशलेसचे कागद हे सगळं दादाने एका दुपारी उरकलं. उपचारही चांगले झाले, तेही आधीच सांगते. अडलं ते दाराशी.

आत नेताना सिस्टरनी अण्णांचं कानाचं मशीन, चष्मा आणि कवळी पिशवीत घालून माझ्या हातात दिली. हरवायला नको म्हणून. मशीन नसेल तर अण्णांना काही म्हणजे काही ऐकू येत नाही. दुसऱ्या दिवशी भेटायला गेले तर त्यांचे दोन्ही हात पलंगाच्या कठड्याला बांधलेले. रात्री सलाईन उपटलं, नाकातली नळी काढली, असं सांगण्यात आलं. मला त्यांनी ओळखलं, पण आपण कऱ्हाडच्या एसटी स्टँडवर आहोत आणि गाडी सुटेल, हात सोड, असं पुन्हापुन्हा सांगत होते. मी बोलत होते आणि त्यांना ऐकू येत नव्हतं. अर्धा तास संपला तसं बाहेर काढलं.

याला डॉक्टर डेलिरियम म्हणतात. म्हातारपणी जंतुसंसर्ग, सोडियमची गडबड, झोपमोड, चोवीस तास जळणारे दिवे, सगळं मिळून डोकं भ्रमतं. ज्याला दिसत नाही आणि ऐकू येत नाही त्याला धोका जास्त. चष्मा आणि मशीन लावणं, ओळखीच्या माणसाने जवळ बसून दिवस-वार सांगत राहणं, हा त्यावरच्या काळजीचाच भाग आहे. आयसीयूतल्या काळजीसाठी ‘ए’ ते ‘एफ’ अशी जी सूत्रं जगभर वापरतात, त्यातलं ‘एफ’ म्हणजे फॅमिली, कुटुंबाचा सहभाग. म्हणजे मी सवलत मागत नव्हते.

मी एवढंच विचारलं की संध्याकाळी काही तास मशीन लावून त्यांच्याजवळ बसू द्या, मी असेन तोवर हात सोडा. सिक्युरिटीचे काका म्हणाले, सिस्टरना विचारा. सिस्टर म्हणाल्या, इन्चार्जना. इन्चार्ज म्हणाल्या, आरएमओंना, म्हणजे निवासी डॉक्टरांना. आरएमओ म्हणाले, मोठ्या सरांनी, म्हणजे अण्णांवर उपचार करणाऱ्या मुख्य डॉक्टरांनी, सांगितलं तर. मोठ्या सरांचा राउंड सकाळी, भेटीची वेळ सुरू व्हायच्या आधी. त्यांना गाठायला लिफ्टजवळ उभी राहिले. ते म्हणाले, माझी काहीच हरकत नाही, पण आयसीयूचे नियम आयसीयूचे डॉक्टर ठरवतात. आयसीयूचे डॉक्टर म्हणाले, इन्फेक्शनचा धोका आहे. पीआरओच्या, म्हणजे जनसंपर्काच्या, टेबलावरच्या मुलीने सगळं नीट ऐकून घेतलं आणि मला पुन्हा मोठ्या सरांकडे पाठवलं. तोंडावर ‘नाही’ असं कोणीच म्हणत नव्हतं, आणि ‘हो’ म्हणायची जबाबदारी कोणी घेत नव्हतं. दरम्यान रात्री जात होत्या आणि अण्णांच्या मनगटांवर वळ उठत होते.

इन्फेक्शनचं उत्तर मला नंतर वाचून कळलं. ब्राझीलमधल्या ३६ आयसीयूंमध्ये यावर मोठा अभ्यास झाला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. नातेवाईकांना दिवसाला १२ तासांपर्यंत थांबू दिलं, तरी आयसीयूत होणारे संसर्ग वाढले नाहीत. डेलिरियमचं प्रमाणही फारसं उतरलं नाही, हे खरं आहे आणि ते लपवू नये. पण नातेवाईकांची चिंता आणि नैराश्य कमी झालं. हात धुऊन, मास्क लावून बसलेल्या एका मुलीमुळे आयसीयू धोक्यात येत नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

हक्कांचं म्हणाल तर राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये रुग्णहक्कांच्या सनदेचा मसुदा केला, त्यावर आधारित सनद केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१९ मध्ये राज्यांना पाठवली. आयोगाच्या मसुद्यात १७ हक्क आहेत. भेटीच्या वेळेचा हक्क त्यात नाही. मी ती सनद दोनदा वाचली, नाही म्हणजे नाही. पण माहितीचा हक्क आहे, संमतीचा आहे, सुरक्षित आणि दर्जेदार उपचारांचा आहे, तक्रारीची दखल घेतली जाण्याचा आहे. आपल्याकडे महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद रुग्णालयात दर्शनी भागात लावावी लागते. आमच्या इथे ती होती, बिलिंगच्या मागच्या भिंतीवर. एनएबीएचचं, म्हणजे रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचं, मानांकन असेल तर वृद्ध रुग्णांच्या विशेष काळजीचं आणि हात बांधण्याचं धोरण रुग्णालयाकडे लेखी असावं लागतं. ते दाखवा, असं सांगा.

मग मी बोलणं बंद केलं आणि लिहिलं. अर्ध्या पानाचा अर्ज, मराठीत, मेडिकल सुपरिंटेंडेंटच्या नावे. हात कोणत्या कारणासाठी आणि कोणाच्या आदेशाने बांधले ते कळवा. श्रवणयंत्र आणि चष्मा जागेपणी लावावा. संध्याकाळी सहा ते दहा कुटुंबातल्या एका व्यक्तीला जवळ बसू द्यावं. नाकारायचं असेल तर कारण लेखी द्यावं. हे शेवटचं वाक्य सोडू नका, सगळं वजन त्याचं आहे.

काउंटरवर शिक्का मारायला तयार नव्हते. आम्ही अर्ज घेत नाही, फीडबॅक फॉर्म भरा, म्हणाले. फॉर्मवर चेहरे काढलेले होते, हसरा, बरा, रडका. मी तिथून हलले नाही. शांतपणे सांगितलं की पोच मिळाली की जाते. दुसऱ्या प्रतीवर तारीख, वेळ आणि सही मिळेपर्यंत जेवणाची सुट्टी होऊन गेली. अर्जाचा फोटो रुग्णालयाच्या ईमेलवरही पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. मोठ्या सरांनी केस पेपरवर दोन ओळी लिहिल्या: नातेवाईकाला सहा ते दहा जवळ बसू द्यावे, श्रवणयंत्र व चष्मा वापरावा. जे काम इतक्या विनवण्यांनी झालं नव्हतं ते त्या दोन ओळींनी झालं. तुम्ही सुरुवातच तिथून करा. डॉक्टर तोंडी ‘हरकत नाही’ म्हणाले की तिथल्या तिथे, ‘सर, तेवढं केस पेपरवर लिहाल का?’ असं विचारा. दारावरचे काका कागदच मानतात, आणि त्यांची नोकरी आहे, त्यांच्याशी वाद घालू नका.

घोळक्याने जाऊ नका, हेही सांगायचं राहिलं. रुग्णालयांतल्या मारहाणीमुळे आपल्याकडे २०१० मध्ये वेगळा कायदा करावा लागला, त्यामुळे चारजण एकदम दिसले की सिक्युरिटी बिथरते. बोलायला घरातलं एकच माणूस ठेवा. ड्युटी बदलताना सिस्टरना काही विचारू नका, त्या वेळी त्यांना मान वर करायला फुरसत नसते.

मशीन लावल्यावर अण्णांनी पहिल्यांदा विचारलं, आज वार कोणता. त्या संध्याकाळपासून मी असेपर्यंत हात मोकळे राहिले. रात्री दहानंतरचा त्रास आणखी काही दिवस राहिला, पण दिवसा ते जागेवर आले. मला याचा अभिमान आहे, आणि तो मी लपवणार नाही.

मशीनच्या डबीवर नाव आणि ‘डावा कान’ लिहिलेली चिकटपट्टी लावा, जादा सेल आत ठेवा. उशाशी एक कागद अडकवा: यांना अण्णा म्हणून हाक मारा, मराठीत बोला, डाव्या बाजूने बोला. एका केरळच्या सिस्टरने तो वाचून ‘अण्णा, जेवला का’ एवढं मराठी शिकून घेतलं. तिचे आभार मानायला मी मुद्दाम परत गेले होते.

डिस्चार्जनंतर केस पेपरची पूर्ण प्रत मागा. सनदेप्रमाणे ती ७२ तासांत मिळायला हवी. आम्हाला मिळाली. हात बांधल्याची नोंद त्यात आहे, घरच्यांना सांगितल्याची नाही. त्याबद्दल दुसरा अर्ज दिला आहे. उत्तर आलं नाही तर तो महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे जाईल, पोच जोडून.