एक किलोमीटर पोहायचं ठरवलं तेव्हा

माझ्याकडे ध्येयांच्या बऱ्याच वह्या आहेत. वजन, वाचन, बचत, नवी भाषा, पहाटे उठणं. प्रत्येक वहीत पहिली काही पानं सुबक अक्षरात, तारखेसकट भरलेली आणि पुढे नुसता कोरा कागद. त्यातलं एकच ध्येय तडीला गेलं: न थांबता एक किलोमीटर पोहणं. चाळिशी उलटेपर्यंत मला धड पोहता येत नव्हतं. पाण्याची भीती नव्हती, पण उथळ बाजूला हातपाय मारण्यापलीकडे मजल जात नव्हती.

ध्येय मात्र मी अगदी शास्त्रशुद्ध लिहिलं होतं. पंचवीस मीटरचा तलाव, फ्रीस्टाइल, सलग चाळीस लेंथ (एक लेंथ म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत), मुदत सहा महिने. ‘स्मार्ट’ म्हणतात त्या चौकटीत चपखल बसणारं. नेमकं, मोजता येईल असं, मुदतीचं. ही चौकट जॉर्ज डोरन यांनी १९८१ मध्ये मांडली ती कंपन्यांतल्या व्यवस्थापकांसाठी, आणि ‘हे काम कोणावर सोपवायचं’ हाही तिच्यातला एक मुद्दा होता. माझ्या बाबतीत सोपवणारी मीच आणि करणारीही मीच, त्यामुळे साहेबाचा उत्साह दांडगा आणि कारकून बेजार, अशी गत झाली.

सुरुवातीला लेंथ वाढत गेल्या. दोनाच्या तीन झाल्या, तिनाच्या चार. मग आकडा अडकला. रोज पाचव्या लेंथच्या मध्यावर छाती भरून यायची, मान आपोआप वर उचलली जायची, आणि मान वर गेली की कंबर आणि पाय खाली. मग शरीर पाण्यात तिरकं होतं, पुढे सरकायला दुप्पट जोर लागतो आणि दम आणखी लवकर लागतो. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसत होतं की वहीत रोज तोच आकडा येतोय.

ध्येय सुटतं ते आळसामुळे, असं आपण सर्रास म्हणतो. मला ते पटत नाही. मी आळशी झाले नव्हते, रोज जात होते. पण जो आकडा हलत नाही तो रोज संध्याकाळी तुम्हाला नापास करत असतो, आणि असं रोज नापास व्हायला कोण किती दिवस जाईल? हळूहळू कामं आठवायला लागली. कधी डोकं दुखायचं, कधी केस धुतलेले असायचे.

अशाच एका दिवशी प्रशिक्षक काठावर येऊन बसले. वयाने माझ्यापेक्षा बरेच लहान, बोलणं तुटक. म्हणाले, “मॅडम, लेंथ मोजणं बंद करा. महिनाभर फक्त पाण्यात श्वास सोडायला शिका.” मला रागच आला. मी किलोमीटरच्या गोष्टी करतेय आणि हा मला काठ धरून बुडबुडे काढायला सांगतोय! शेजारच्या लेनमधल्या एका पोराने त्यात भर घातली, “काकू, नाकाने सोडा, नाकाने.”

पण त्या दोघांचंही बरोबर होतं. मी पाण्यात तोंड घातलं की श्वास रोखून धरत होते. मग तोंड बाजूला काढल्यावर त्या निमिषभरात आधी जुनी हवा सोडायची आणि मग नवी घ्यायची, अशी दोन कामं. ती कधीच पूर्ण होत नव्हती. जीव घाबरा होतो तो प्राणवायू संपला म्हणून, असं मला वाटायचं. मुख्यतः तो होतो रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. तो बाहेर टाकलाच नाही तर कितीही मोठा श्वास घ्या, घुसमट तशीच राहते. पाण्यात सावकाश, सतत हवा सोडत राहिलं की तोंड बाजूला वळताच श्वास आपसूक आत येतो. लिहायला चार ओळी लागल्या, अंगवळणी पडायला बराच काळ गेला.

त्या काळात वहीत लेंथचा आकडा लिहिणं मी बंद केलं. त्याऐवजी एक वाक्य लिहायची: आज काय कळलं. ‘डावीकडे श्वास घेताना उजवा हात खाली दबतो.’ ‘घाई केली की किक गुडघ्यातून होते, कमरेतून नाही.’ काही दिवस ‘काहीच नाही’ असंही लिहिलं. गंमत म्हणजे पानं भरत गेली.

असं का झालं याचं कुतूहल होतं म्हणून थोडं वाचलं. एडविन लॉक आणि गॅरी लेथम या दोघांनी ध्येयांवर आयुष्यभर संशोधन केलं. ‘जमेल तेवढं कर’ असं सांगण्यापेक्षा नेमकं आणि अवघड ध्येय दिलं तर माणूस जास्त चांगलं काम करतो, हा त्यांचा मुख्य निष्कर्ष. पण काम नवं आणि गुंतागुंतीचं असेल तर गणित बदलतं. रूथ कॅन्फर आणि फिलिप अ‍ॅकरमन यांनी १९८९ मध्ये अमेरिकी हवाई दलातल्या प्रशिक्षणार्थींना विमान वाहतूक नियंत्रणाचं नक्कल-काम शिकायला देऊन पाहिलं. शिकण्याच्या अगदी सुरुवातीला आकड्याचं ध्येय दिलं तर कामगिरी घसरली. काम थोडं हातात बसल्यावर दिलं तर सुधारली. नवं काम शिकताना सगळं लक्ष त्या कामालाच लागतं, आकड्यावर नजर ठेवायला शिल्लक काही उरत नाही. पाचव्या लेंथला माझ्या डोक्यात हात, पाय, मान, श्वास यांच्याबरोबर ‘पाच, पाच, पाच’ हेही चालू असायचं.

आता नियमित जाण्याबद्दल. याचं श्रेय मी इच्छाशक्तीला देणार नाही, कारण ती माझ्यात फारशी नाही. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने ‘अमुक झालं की मी तमुक करेन’ अशा जर-तरच्या योजनांवर बरंच काम केलं आहे. पास्कल शीरन यांच्यासोबत त्याने २००६ मध्ये अशा ९४ चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र केले, तेव्हा अशा योजनेचा परिणाम चांगलाच ठळक दिसला. माझी योजना साधी होती: काम संपलं की घरी न जाता थेट तलाव. पोहण्याची पिशवी सकाळीच सोबत घ्यायची. घरी गेलं की बाहेर पडणं होत नाही, हे मला स्वतःबद्दल पक्कं ठाऊक आहे. दुसरी योजना जास्त उपयोगी पडली: पाण्यात उतरायचा अगदीच कंटाळा आला तर काठ धरून दहा मिनिटं श्वासाचा सराव करायचा आणि निघायचं. बहुतेक वेळा दहा मिनिटांनंतर निघावंसं वाटत नसे. कधी वाटलं तर खुशाल निघायची.

मध्ये आजारपण आलं, मग घरातली कामं, आणि सलग काही आठवडे खाडा झाला. पूर्वी अशा खाड्यानंतर वही मिटायची. ‘एकवीस दिवसांत सवय लागते’ या समजुतीने माझं बरंच नुकसान केलंय. या आकड्याचा माग १९६० पर्यंत जातो. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या प्लॅस्टिक सर्जनने आपल्या रुग्णांबद्दल लिहिलं होतं की बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान एकवीस दिवस लागतात. त्यातलं ‘किमान’ पुढे गळून पडलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोज एक छोटी नवी गोष्ट करायला सांगून बारा आठवडे नोंदी घेतल्या. ती अंगवळणी पडायला सर्वसाधारणपणे ६६ दिवस, पण माणसागणिक १८ पासून २५४ पर्यंत, असा त्यांचा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने सवयीचं फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. माझा खाडा एका दिवसाचा नव्हता, तरी हे वाचून बरं वाटलं हे खरं. परत गेले तेव्हा श्वास जागेवर होता, फक्त खांदे कुरकुरत होते.

त्याच सुमारास मी बाकीची ध्येयं खोडली. नवी भाषा, पहाटे उठणं, सगळं, लाल शाईने. ‘पुढे कधीतरी’ असंही लिहिलं नाही. आवाक्याबाहेरच्या ध्येयातून मन काढून घेता येणाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य बरं असतं, असं कार्स्टन व्रॉश यांच्या २००३ च्या संशोधनात आढळलं होतं. माझ्यापुरतं सांगायचं तर मला रात्री झोप जरा लवकर लागायला लागली. नवी भाषा शिकायची मला मुळात इच्छा होती का, की ते नुसतं वहीत शोभून दिसायचं, हा प्रश्नही तेव्हाच पडला.

मग एका संध्याकाळी प्रशिक्षक म्हणाले, “आता मोजा.” मी मोजलं तर आठ झाल्या होत्या आणि दम लागला नव्हता. तिथून पुढे आकड्याचा खरंच उपयोग झाला. दहा, मग चौदा, मग वीस. प्रत्येक वेळी मागच्यापेक्षा थोडं पुढे जाण्यात मजा यायला लागली. विशीनंतर अडचण शरीराची उरली नाही, कंटाळ्याची झाली. तळाची तीच रेघ, तोच काठ, तेच वळण. किती झाल्या हे विसरायला व्हायचं, म्हणून मी चार-चारचे गट करून मोजायला लागले. चाळीस पूर्ण झाल्या तेव्हा सहा महिन्यांची मुदत केव्हाच उलटून गेली होती. त्या दिवशी मोजण्यात गोंधळ झाला असेल या शंकेने मी दोन लेंथ जास्तीच्या मारल्या.

सध्या ब्रेस्टस्ट्रोक चालू आहे. त्याची किक वेगळीच आहे. गुडघे फार फाकतात, पावलं बाहेर वळत नाहीत, आणि इतका जोर लावून मी जवळजवळ जागच्या जागीच राहते. किती लेंथचं ठरवलंय, असं प्रशिक्षकांनी विचारलं. म्हटलं, आधी पावलं वळू देत. ते म्हणाले, “मग उद्या किकबोर्ड घ्या, आणि लवकर या. उशिरा गर्दी होते.”