गवत, वणवा आणि पळस

आज दिवसभर सेरेंगेटीचं, म्हणजे टांझानियातल्या गवताळ रानाचं, संगणकावरचं मॉडेल चालवत होते. दरवेळी शेवट तोच: सगळं गवत, नाहीतर सगळं जंगल. दोघं एकत्र नांदतच नाहीत. नुसत्या पावसाच्या आकड्यांनी भागत नाही. तिथे १९६०च्या दशकात गुरांच्या लसीकरणामुळे बुळकांडी (गुरांचा जीवघेणा साथरोग) हटली, त्याच रोगाने मरणारे विल्डबीस्ट (हरणासारखे, कळपाने चरणारे मोठे प्राणी) अडीच लाखांवरून १३ लाखांच्या घरात गेले, गवत चरलं गेलं, वणवे घटले आणि झाडं वाढली. केवढी लांब साखळी!

संध्याकाळी खारघरच्या टेकडीवर गेले. उतार जळून काळा पडलेला, गवताच्या बुडख्यांतून मात्र बोटभर हिरवे कोंब. शेजारी पळसाचं गुडघ्याएवढं रोप शेंड्यापर्यंत करपलेलं. मुळातून पुन्हा फुटेल, पण उंची पुन्हा शून्यापासून. माझ्या मॉडेलमधल्या झाडांना उंचीच नाहीये. उद्या आधी तेच घालणार.