पिंपाला भोकं आहेत का?

आषाढातली गोष्ट. सकाळी साडेसहाला मागचं दार उघडलं आणि वास सरळ घरात शिरला. ओल्या कचऱ्याला येतो तसा साधा वास नव्हता तो. सडक्या अंड्यासारखा, घशात बसणारा. सासूबाई पूजेला बसल्या होत्या. त्या उठल्या, स्वयंपाकघराची खिडकी लावली आणि पुन्हा पाटावर जाऊन बसल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. मला फार वाईट वाटलं, कारण खत घरीच करायचा हट्ट माझा होता.

आमचं घर पुण्यात, सिंहगड रस्त्याच्या आतल्या बाजूला. मागे दहा बाय पंधरा फुटांचं अंगण आहे. त्यात कढीपत्ता, मोगरा, दोन जास्वंदी, अळू आणि कुंड्यांमधला भाजीपाला. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या माणसांच्या दारात जाऊन पडला. माझी एक मैत्रीण तिकडची. तिच्या घरी गेले की तो वास आणि त्या माश्या मी पाहिलेल्या होत्या. निदान आपल्या घरातली भाजीची देठं तरी आपल्याच अंगणात जिरावीत, एवढी साधी इच्छा होती. म्हणून फेब्रुवारीत दोनशे लिटरचं निळं पिंप आणलं. आधी त्यात लोणचं होतं, रसायन नव्हतं, हे विचारून घेतलं. तळाशी पाणी काढायला नळ बसवला, वर घट्ट झाकण. रोजचा ओला कचरा त्यात टाकायचा, अधूनमधून मूठभर माती. मार्च-एप्रिल काही त्रास झाला नाही.

मग आला मे. नणंद, भाचरं, माझी आई, सगळे मिळून घरात अकरा माणसं. रोज आमरस. सालींचं आणि कोयींचं घमेलं संध्याकाळी भरायचं आणि पिंपात जायचं. कलिंगडाची सालं वेगळीच. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला. पाणी जाऊ नये म्हणून मी झाकण आणखी घट्ट केलं, वरून प्लास्टिकही बांधलं. काळजी घेतेय असंच मला वाटत होतं.

वास सुरू झाल्यावर जो भेटेल तो काहीतरी टाकायला सांगायचा. कोणी म्हणालं गूळ-ताक टाक, जिवाणू वाढतील. टाकलं. वास आंबट झाला. दुकानातून कचरा कुजवायच्या विरजणाची पावडर आणली, तीही दुप्पट टाकली. फरक शून्य. मग एकांनी सांगितलं, आंबटपणा आलाय ना, मग चुना भुरभुरव. मी दोन वाट्या चुना टाकला आणि दुसऱ्या दिवशी झाकण उघडल्यावर डोळ्यांतून पाणी आलं. आता अमोनिया सुटत होता. त्याचं कारण नंतर कळलं: कचऱ्यातला नायट्रोजन चुन्यामुळे वायू होऊन उडून जातो. म्हणजे ज्यासाठी खत करायचं तेच मी हवेत सोडत होते. भिंतीपलीकडच्या काकूंनी त्या दिवशी हाक मारली. "अगं, रागावू नकोस, पण रात्री झोप लागत नाही आम्हाला," म्हणाल्या. त्यांचे यजमान दम्याचे. मला त्यांच्याकडे बघवेना.

रात्री मामांना फोन लावला. मामा पुसदकडचे, आयुष्यभर कोरडवाहू शेती केलेले. मी सगळी यादी वाचली: ताक, गूळ, पावडर, चुना. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "पोरी, पहिले हे सांग, त्या पिंपाले भोकं हायेत का?"

भोकं नव्हती. खाली एक नळ, तोही गाळानं बुजलेला.

मामांच्या बांधावर खत करायचं नाडेपचं टाकं आहे. लहानपणी मी त्यावर चढून खेळलेय. विटांचं, जमिनीच्या वर बांधलेलं, आणि भिंतीत वीट सोडून सोडून भोकं ठेवलेली. ती भोकं कशाला असतात हे तेव्हा कधी विचारलं नव्हतं. पुसदच्याच नारायण देवराव पांढरीपांडे यांनी ही पद्धत बसवली. लोक त्यांना नाडेपकाका म्हणत, आद्याक्षरांवरूनच टाक्याला नाव पडलं. पालापाचोळा, शेण, माती यांचे थर भरायचे, वरून शेणमातीनं लिंपायचं आणि तीन-चार महिने हात लावायचा नाही. उलटंपालटं करायची गरज पडत नाही, कारण भिंतीतल्या भोकांतून हवा आत खेळत राहते. मामा म्हणाले, "हवा असली तं कुजते, नसली तं सडते." त्या रात्री मला हा फरक पहिल्यांदा नीट कळला. हवेवर जगणारे जिवाणू कचऱ्याचं खत करतात. हवा संपली की दुसरे जिवाणू ताबा घेतात आणि आंबट, सडका वास त्यांच्या कामातून येतो. वरून ताक ओतून त्यात काय बदलणार होतं?

रविवारी पावसानं उघडीप दिली. नवरा आणि मी, दोघांनी मिळून ताडपत्रीवर पिंप आडवं केलं. आत काय चाललं होतं ते तेव्हा दिसलं. वरचा हातभर थर नुसता ओला. त्याखाली काळा, चकचकीत चिखल, फावड्याला चिकटणारा. आंब्याच्या साली एकमेकींवर चिकटून त्यांचे कातड्यासारखे पापुद्रे झाले होते, त्यातून पाणीही खाली जात नव्हतं. तळाशी वीतभर पाणी. मधोमध शिळ्या भाताचा एक गोळा होता, मुठीएवढा. तो फोडला तर आतली शितं पांढरीशुभ्र, तीन आठवड्यांनंतरही अख्खी. कोथिंबिरीच्या जुडीचे रबर मोजून सतरा निघाले.

आणि अळ्या. चपट्या, राखाडी-तपकिरी, बोटाच्या पेराएवढ्या, शेकड्यांनी. सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "फेकून दे गं ते सगळं." मलाही शहारे आले होते. पण माझा भाचा शेतकी महाविद्यालयात शिकतो. त्याला फोटो पाठवला तर तो म्हणाला, "मावशी, या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या, यांना मारू नकोस." या अळ्या कचरा झपाट्यानं खातात. त्यांची माशी गांधीलमाशीसारखी दिसते, पण चावत नाही आणि आपल्या अन्नावर बसायलाही येत नाही. घरमाशीच्या अळ्या वेगळ्या: पांढऱ्या, बारीक, एका टोकाला निमुळत्या. त्या दिसल्या तर मात्र वरचा कचरा उघडा राहतोय असं समजायचं आणि कोरड्याचा जाड थर द्यायचा. मला एवढं कळल्यावर भीती गेली. सासूबाईंची गेली नाही, आणि त्यांना मी आग्रहही केला नाही.

पिंपाला दीड-दीड वितीवर अर्ध्या इंची भोकं पाडली, चारी बाजूंनी आणि बुडालाही. आतून बारीक जाळी लावली, उंदरांसाठी. चार विटांवर पिंप उभं केलं, म्हणजे खालून हवा. मधोमध भोकं पाडलेला पीव्हीसीचा पाइप उभा ठेवला. वर पत्र्याचा तुकडा कलता टाकला, पाऊस अडेल पण बाजूनं वारा जाईल असा. या सगळ्याला एक दुपार पुरली.

खरी अडचण पुढे होती. ओल्यात मिसळायला कोरडं पाहिजे. भाजीची देठं आणि फळांच्या साली म्हणजे ऐंशी टक्क्यांच्या वर पाणीच. शिवाय जिवाणूंना एक भाग नायट्रोजनमागे पंचवीस ते तीस भाग कार्बन लागतो, आणि तो वाळल्या पानांत, काड्यांत, कागदात असतो. पण आषाढात वाळलं पान आणायचं कुठून? रसवंत्या बंद, त्यामुळे उसाची चिपाडंही नाहीत. वर्तमानपत्रं फाडली, अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे कुस्करले, नारळाच्या शेंड्या पिंजल्या. तरी पुरेना. शेवटी ओळखीच्या सुतारांकडून लाकडाचा भुसा आणला. प्लायवुडचा नको, त्यात डिंक आणि रसायनं असतात. साध्या सागवानाचा मागून घेतला. चिखल त्यात कालवला आणि थराथरानं पिंपात परत भरला.

तिसऱ्या दिवशी वास निम्म्यावर आला. आठव्या दिवशी काकूंनी स्वतः भिंतीवरून डोकावून सांगितलं की आता काही जाणवत नाही. त्या दिवशी मी रडले, खरंच.

पण पुढची चूक माझीच. वासाची इतकी धास्ती बसली होती की रोज भुसा ओतत राहिले. ऑगस्ट संपेपर्यंत पिंप गपगार पडलं. ना वास, ना ऊब, ना काही बदल. मुंग्यांनी घर केलं. मुंग्या आल्या म्हणजे आत कोरडं पडलं. वरून काळपट दिसतंय म्हणून सप्टेंबरात मी त्यातलं दोन घमेली मोगऱ्याला घातलं. पंधरा दिवसांत पानं पिवळी, आधी खालची, मग वरची. लाकडाच्या भुशात नायट्रोजन नावालाच असतो. तो कुजवायला जिवाणू मातीतला नायट्रोजन ओढून घेतात आणि झाड उपाशी राहतं. मोगऱ्याच्या बुंध्याजवळचं ते सगळं हातानं उकरून काढलं.

मग गोठ्यावरून दोन घमेली ताजं शेण आणलं. त्याचा पातळ काला करून, पिंप पुन्हा रिकामं करून, थराथरावर शिंपडला. सोबत मेथी-पालकाची देठं आणि उपटलेलं हिरवं गवत. ओल तपासायला मूठ वळायची: मूठभर माल घट्ट दाबला तर बोटांच्या फटीतून एखाद-दुसरा थेंब यावा. धार लागली तर कोरडं घाला, मूठ उघडल्यावर माल भुरभुर सुटला तर पाणी शिंपडा. एवढी एकच परीक्षा मी अजून रोज करते.

बांधकामातली उरलेली चार फुटी सळई मामांनी पिंपात खुपसून ठेवायला सांगितली होती. पाचव्या दिवशी सकाळी ती ओढून काढली. वरचं टोक थंडगार. खालचा भाग धरला आणि चटकन सोडला, हात टिकेना. म्हणजे पन्नास अंशांच्या वर नक्की. थंडीत पहाटे भोकांतून वाफ दिसायची. सासूबाई चहाचा कप घेऊन तिथे उभ्या राहायच्या. "गोठ्यातल्या उकिरड्यातनं अशीच यायची," म्हणाल्या. मग त्यांच्या माहेरच्या उकिरड्याची, बैलांची, पाडव्याला शेतात जाणाऱ्या गाड्यांची गोष्ट निघाली. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकत होते.

जानेवारीत चाळलं. वाळूच्या चाळणीतून खाली पडलेलं खत चहाच्या भुकटीसारखं, हाताला न चिकटणारं, पहिल्या पावसाच्या मातीचा वास असलेलं. वर राहिल्या कोयी आणि कणसांची बुरखुंडं. ती परत पिंपात. मोगऱ्याचा अनुभव होता म्हणून लगेच झाडांना घातलं नाही. दोन वाट्या घेतल्या, एकीत साधी माती, दुसरीत निम्मी माती निम्मं खत, दोन्हींत वीस-वीस मेथ्या पेरल्या. कच्चं खत असेल तर बी नीट उगवत नाही किंवा पिवळं पडतं. मातीत सतरा उगवल्या, खताच्या वाटीत अठरा, आणि पानं गडद हिरवी.

फेब्रुवारीत पानगळ सुरू झाली. आमच्या गल्लीत देशी बदामाची पाच झाडं आहेत. रस्ता झाडणाऱ्या मावशी रोज पानांचा ढीग करायच्या, आणि कोणीतरी तो पेटवून द्यायचं. काकांचा दमा त्या धुरानंही वाढायचा. मावशींना म्हटलं, जाळू नका, मला द्या. त्यांनी गोण्या भरून द्यायला सुरुवात केली, मी रोज सकाळी त्यांना चहा द्यायचे. होळीपर्यंत चौदा गोण्या झाल्या. जिन्याखाली रचल्या. पाचोळा पायानं तुडवून बारीक केला, नाहीतर बदामाचं अख्खं पान लवकर कुजत नाही. मे महिन्यात पुन्हा अकरा माणसं, पुन्हा आमरस. या वेळी सालींच्या प्रत्येक घमेल्यावर दोन घमेली पाचोळा, आणि भात पडला तर तो हातानं मोकळा करून.

आता श्रावण लागलाय. सहा गोण्या शिल्लक आहेत. एक पावळीखाली राहून भिजली होती. तिच्यातला पाचोळा आतून काळा, मऊ झालाय. तो तसाच कढीपत्त्याच्या बुंध्याशी पसरला.