सात मिनिटांचा कॉम्प्युटर

‘चालू होतो, पण थोड्या वेळात बंद पडतो,’ असं गिऱ्हाईक फोनवर म्हणालं की मी आधी विचारतो, थोडा वेळ म्हणजे किती? बहुतेकांना हा प्रश्न आवडत नाही. बंद पडतोय ना, मग किती वेळाने पडतो याचं काय घेऊन बसलात, असा सूर लागतो. गिरगावातल्या त्या ताईंकडे मात्र उत्तर तयार होतं. “सकाळी पहिल्यांदा सात मिनिटं. लगेच परत लावला तर तीन. मग दोन. जेवून आल्यावर लावला की परत सात.”

२०२४ चा ऑक्टोबर. दसरा होऊन गेला होता. खाडिलकर रोडच्या आतल्या एका गल्लीत, जुन्या चाळीच्या तळमजल्यावर हे डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं तयार करून द्यायचं दुकान. मालक काका सत्तरीचे, की-बोर्डवर ताई, आणि वरकामाला एक मुलगा. वर्षभर लग्नपत्रिका, बिलबुकं, मंडळांच्या पावत्या. आणि या दिवसांत एक दिवाळी अंक. १९०९ पासून मराठी माणूस दिवाळी अंक काढतोय, आणि माझा अंदाज, शेवटचा लेख तेव्हापासूनच उशिरा येतोय. इथेही तेच. दोन फर्मे (एका मोठ्या कागदावर एकत्र छापायच्या पानांचे संच) छापायला गेलेले, बाकीची पानं लागायची होती, आणि ती लावणारा कॉम्प्युटर सात मिनिटं चालत होता.

‘नवा घ्या’ म्हणणं सोपं असतं. त्या कॉम्प्युटरवर विंडोज ७ होतं, ज्याला कंपनीने जानेवारी २०२० मध्ये रामराम ठोकला. पानं लागायची पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या प्रोग्राममध्ये. त्याची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ ची. मराठी फॉन्ट युनिकोडच्या (कुठल्याही कॉम्प्युटरवर अक्षरं तशीच दिसावीत म्हणून ठरलेल्या सामायिक पद्धतीच्या) आधीच्या जमान्यातले, म्हणजे ती फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की ‘दिवाळी’च्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. आणि त्या फॉन्टचं डोंगल, म्हणजे जे जोडल्याशिवाय फॉन्ट चालत नाही ती किल्ली, पॅरलल पोर्टला (जुन्या प्रिंटरच्या रुंद पोर्टला) लावायचं, जे पोर्ट नव्या मदरबोर्डवर शोधूनही सापडत नाही. लेखक मजकूर पाठवतात व्हॉट्सॲपवर, युनिकोडमध्ये. तो शेजारच्या नेटच्या कॉम्प्युटरवर उतरवायचा, जुन्या फॉन्टमध्ये बदलायचा, पेन ड्राइव्हने इकडे आणायचा आणि मग ‘ऱ्या’ आणि ‘ॲ’ जिथे जिथे फुटलेत तिथे ताईंनी हाताने सांधायचे. गिरगाव-दादरच्या किती दुकानांत अजून हाच संसार चाललाय, हे अंक विकत घेणाऱ्याला कधी कळणार नाही.

माझ्याकडे यायच्या आधी एकाने तो कॉम्प्युटर फॉरमॅट करून दिला होता. या एका सवयीवर माझा जुना राग आहे. काय झालंय ते कळत नाही, मग फॉरमॅट. गिऱ्हाइकाला वाटतं मोठं काम झालं. प्रत्यक्षात पुरावा पुसला जातो, आणि फॉन्ट, डोंगलचा ड्रायव्हर, प्रिंटरची सेटिंग्ज परत बसवण्यात ताईंचा दिवस जातो. हा कॉम्प्युटर फॉरमॅटनंतरही सातव्या मिनिटाला बंद पडला, तेव्हा काकांनी मुलाला टॅक्सीत बसवून तो ग्रँट रोडला माझ्या दुकानात पाठवला.

निदान नव्याने साठलेला पुरावा तरी होता. इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडलं की कर्नल-पॉवर ४१ च्या लाल नोंदींची रांग. या नोंदीला लोक फार घाबरतात, पण ती एवढंच सांगते की मागच्या वेळी मी नीट बंद न होताच गेलो. खरी माहिती तिच्या डिटेल्समध्ये असते. तिथे बगचेक कोड, म्हणजे विंडोज कशामुळे कोसळलं ते सांगणारा आकडा, शून्य होता, आणि विंडोजच्या फोल्डरमध्ये मिनिडम्पची एकही फाइल नव्हती. विंडोज स्वतः कोसळतं तेव्हा निळा पडदा येतो, कोड येतो, आणि जाता जाता ते बहुधा एक छोटी फाइल लिहून ठेवतं. इथे त्याला लिहायला सवडच मिळाली नव्हती. त्याच्या पायाखालून करंट काढून घेतला गेला होता.

म्हणजे ड्रायव्हर, व्हायरस, अपडेट ही मंडळी यादीत खाली गेली. अपडेटचा तसाही प्रश्न नव्हता, या कॉम्प्युटरला नेट नव्हतंच. काकांच्या डोक्यात मात्र तेच बसलं होतं. “अरे, त्या जुलैत विमानतळावर सगळे निळे पडले होते, तसलं काही नाही ना?” १९ जुलै २०२४ चा प्रकार ते म्हणत होते, एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर सुरू होता होताच कोसळत होते आणि आपल्याकडे काही विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले गेले. मी म्हटलं, काका, ते कॉम्प्युटर दर वेळी त्याच जागी पडत होते, निळा पडदा दाखवून. आणि सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढली की उठत होते. सॉफ्टवेअरचा दोष बहुधा ठरल्या जागी भेटतो. तुमचा कधी पेजमेकर उघडताना जातो, कधी नुसता डेस्कटॉप समोर असताना जातो, आणि वेळ बदलते ती आधी किती विश्रांती मिळाली त्यावर.

दुकानात आम्ही नेहमीची पूजा केली. ब्लोअरने धूळ काढली, रॅमचे पाय खोडरबरने पुसले (समुद्राजवळच्या हवेत त्यांच्यावर थर धरतो, मुंबईत निम्म्या रॅम याच उपायाने जिवंत होतात), रॅम तपासणारा मेमटेस्ट लावला, हार्ड डिस्कचं आरोग्य पाहिलं, एसएमपीएसचे (आत वीज पुरवणाऱ्या डब्याचे) व्होल्टेज मोजले. बारा व्होल्टची लाइन पाच टक्के इकडेतिकडे चालते, म्हणजे ११.४ ते १२.६. इथे ती बाराच्या आसपास स्थिर होती. मदरबोर्डवरचे कपॅसिटर एकही फुगलेला नाही. दिवसभर चालला, रात्रभर मेमटेस्ट चालला. एकही चूक नाही, एकदाही बंद नाही. परत पाठवला.

संध्याकाळी ताईंचा फोन. “दादा, सात मिनिटं.”

माझ्याकडे चालतो आणि त्यांच्याकडे चालत नाही, याचा सरळ अर्थ जागेत खोट. जुनी चाळ, जुनं वायरिंग, त्यात त्यांच्याकडे लेझर प्रिंटर. लेझर प्रिंटरचा हीटर तापताना झटक्यात खूप करंट ओढतो, आणि कुणी तो यूपीएसवर लावला तर छोटा यूपीएस मान टाकतो. हे इतक्यांदा पाहिलंय की मीटर आणि एक जादा यूपीएस पिशवीत टाकून गेलो तेव्हा कामाला अर्धा तास पुरेल असं वाटलं होतं. प्रिंटर वेगळ्या पॉइंटवर होता. व्होल्टेज २३४. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये जेमतेम एक व्होल्ट, म्हणजे वायरिंग ठणठणीत. या बाबतीत ती चाळ कित्येक टॉवरांना लाजवेल. माझा यूपीएस लावला, बंद पडला. यूपीएस काढून थेट भिंतीच्या सॉकेटला लावला, बंद पडला. काका कपाळाला हात लावून बाकड्यावर बसले.

“ताई, बंद पडायच्या आधी काही वेगळं होतं का? आवाज, वास?”

त्यांनी थोडा विचार केला. “माऊस जड होतो. मिनिटभर आधी. ओढल्यासारखा. मग अंधार.”

हे त्यांनी आधी कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. प्रोसेसर फार तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो, ताप उतरावा म्हणून. तरीही पारा चढतच राहिला तर मदरबोर्डला इशारा जातो आणि वीज तोडली जाते. त्यात विंडोजला कुणी विचारत नाही, म्हणून निळा पडदा नाही आणि कोड शून्य. सात, तीन, दोन आणि जेवणानंतर परत सात, हे गणितही मग जुळतं.

मी कॉम्प्युटर चालू करताना डिलीटचं बटण दाबून बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी जागा होणाऱ्या मदरबोर्डच्या स्वतःच्या छोट्या प्रोग्राममध्ये) शिरलो आणि तिथल्या तापमानाच्या पानावर बसून राहिलो. अशा तक्रारीत ही चाचणी मला फार आवडते. बायॉसमध्ये विंडोज नसतं, पेजमेकर नसतं. तिथेही बंद पडला तर ते सगळे निर्दोष सुटतात. बायॉसमध्ये प्रोसेसरला विंडोजसारखी उसंत मिळत नाही, त्यामुळे आकडा थोडा चढाच दिसतो, तेवढं धरून चालायचं. ५८. ६६. ७५. ताई खुर्ची ओढून शेजारी बसल्या. ८४. ९१. काका क्रिकेटचा स्कोर बघावा तसे चष्मा लावून उभे राहिले. शंभरीच्या अलीकडे कुठेतरी पडदा काळा झाला.

बाजूचं कव्हर काढलं आणि कॉम्प्युटर परत चालू केला. पंखा जोरात फिरत होता, धूळ नव्हती. आकडा ऐंशीच्या पुढे गेल्यावर मी हिटसिंकच्या कडेला बोट टेकवलं. कोमट. आत प्रोसेसर उकळतोय आणि त्याची उष्णता वाहून न्यायची ज्याची जबाबदारी, तो हिटसिंक कोमट. उष्णता त्याच्यापर्यंत पोचतच नव्हती.

नीट दिसावं म्हणून सीपीयू, म्हणजे कॉम्प्युटरचा अख्खा डबा, बंद करून टेबलावर आडवा केला, टॉर्च मारला. फट दिसेना, सगळं जागच्या जागी. तसाच आडवा ठेवून बायॉस लावलं. ४९. ५२. ५३. पुढे जाईना. चहा आला, पिऊन झाला, ५३.

माझ्या दुकानात टेबलावर प्रत्येक सीपीयू आडवाच असतो, कव्हर काढलेला, मदरबोर्ड आभाळाकडे तोंड करून. इथे ताईंच्या पायाशी तो उभा होता.

हार्ड डिस्कची वायर काढून टाकली, कारण फिरती डिस्क हलवायची नसते आणि बायॉसला तिची गरजही नव्हती. मग चालू स्थितीतच सीपीयू दोन्ही हातांनी हळूच उभा केला. ५५. ६२. ७१. आडवा केला. ६८. ६०. ५४. परत उभा. परत चढाई.

ताई म्हणाल्या, “अगंबाई, याला उभं राहिलं की चक्कर येते!”

त्या पिढीच्या प्रोसेसरचा पंखा-हिटसिंक मदरबोर्डवर बसतो तो प्लास्टिकच्या चार पिनांवर. पिनेचं टोक चिरलेलं असतं. ते भोकातून पलीकडे जाऊन फाकतं आणि धरून ठेवतं. वर्षानुवर्षं तापून प्लास्टिक कडक होतं, मग एक दिवस टोक तुटतं. इथे वरच्या दोन पिनांची टोकं गेली होती. सीपीयू आडवा असला की हिटसिंक स्वतःच्या वजनाने प्रोसेसरवर दाबून बसायचा. उभा केला की वरची कड केसभर सुटायची आणि खालच्या कडेवर सगळा भार. प्रोसेसर आणि हिटसिंकच्या मधली, उष्णता पलीकडे पोचवणारी पेस्टही वाळून भुकटी झालेली. पंखा फिरतोय म्हणून कुणाला शंका येत नव्हती. ज्याने फॉरमॅट केला त्याने नाही पाहिलं, आणि माझ्या दुकानातल्या पोराने ब्लोअर मारला तेव्हाही वरून काहीच दिसण्यासारखं नव्हतं. मदरबोर्ड बाहेर काढून मागून पाहिल्याशिवाय तुटकं टोक दिसत नाही.

तेव्हा रात्रीचे साडेआठ झाले होते आणि लॅमिंग्टन रोडची कॉम्प्युटरच्या भागांची दुकानं बंद व्हायला लागलेली. मी डिस्क जोडली, सीपीयू टेबलावर आडवा ठेवला, कव्हर उघडंच, आणि ताईंना म्हटलं, “लावा पानं.”

“असाच?”

“असाच. फक्त वर चहा ठेवू नका.”

काकांना हे पटलं नाही. त्यांना काहीतरी बदललेलं हवं होतं, एखादा भाग, एखादी सीडी. “अरे, आडवा ठेवणं ही काय दुरुस्ती झाली?” नव्हतीच. पण ताईंनी तोवर पेजमेकर उघडलं होतं. सातवं मिनिट गेलं, दहावं गेलं. त्या रात्री उशिरापर्यंत बसून त्यांनी राहिलेली पानं लावली आणि सकाळी ट्रेसिंग पेपरवर काढून छपाईच्या प्लेटसाठी दिली.

खरी दुरुस्ती दुसऱ्या दिवशी केली. पिनांचा नवा संच चहा-वडापावच्या पैशात मिळाला. मदरबोर्ड बाहेर काढला, जुनी पेस्ट पुसून नवी लावली, पिना तिरक्या जोडीने दाबल्या आणि उलटा करून चारही टोकं पलीकडे फाकलीत हे डोळ्यांनी पाहिलं. मग सीपीयू उभा करून तासभर बायॉसमध्ये ठेवला. आकडा पन्नाशीच्या आत राहिला. आता आमच्या दुकानातही बंद पडण्याच्या तक्रारीचा कॉम्प्युटर शेवटचे काही तास उभा करून, कव्हर लावून चालवतो. पोरगा कुरकुरतो, जागा अडते म्हणून.

निघताना काकांना सांगितलं की डिस्कची नक्कल काढून ठेवलीय, पण हा कॉम्प्युटर म्हातारा आहे, पॅरलल पोर्टचा दुसरा एखादा शोधून हाताशी ठेवू. “दिवाळीनंतर बघू,” ते म्हणाले. दिवाळीनंतर तुळशीचं लग्न, आणि ते लागलं की पत्रिकांचा हंगाम. हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.