पांढरं ते सगळं ट्यूमर नव्हे

न्यूरोसर्जरीच्या रेसिडेन्सीत पहिल्यांदा ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) सोनोग्राफीचा प्रोब हातात आला, तेव्हा पडद्यावर मला नुसतं धुकं दिसलं. एमआरआयमधला मेंदू नेहमीच्या तीन बाजूंनी समोर येतो. इथे प्रोब तिरका, तर चित्रही तिरकं.

"ट्यूमरचं नंतर बघू. आधी फाल्क्स दाखव, मग व्हेंट्रिकल," सर म्हणाले. फाल्क्स म्हणजे मेंदूच्या दोन अर्धांमधला पडदा, व्हेंट्रिकल म्हणजे मेंदूच्या आतली पाण्याची पोकळी.

पेशंट पन्नाशीचे काका, मेंदूच्या उजव्या फ्रॉन्टल लोबमध्ये (पुढच्या भागात) ग्लायोमा, म्हणजे मेंदूतल्याच पेशींचा ट्यूमर. कवटीतून ध्वनिलहरी नीट जात नाहीत, म्हणून हाड काढल्यावरच प्रोब टेकवता येतो. ड्युरावर, म्हणजे मेंदूवरच्या जाड आवरणावर, सलाइन सोडलं, प्रोब फिरवला. फाल्क्सची पांढरी रेघ सापडली, मग व्हेंट्रिकलचा काळा डाग, आणि त्याच्या पुढे पांढुरका गोळा. तो ट्यूमर.

मेंदूत आपण नेमके कुठे आहोत ते दाखवणारं नेव्हिगेशन असताना हे कशाला, हा प्रश्न मलाही होता. पण ड्युरा उघडून मेंदूभोवतालचं पाणी वाहून गेलं, थोडा ट्यूमर निघाला की मेंदू खचतो, कधी सेंटिमीटरहूनही जास्त. नेव्हिगेशन मात्र ऑपरेशनआधीच्या एमआरआयवरच चालत राहतं. ओटीतच एमआरआय असणारी हॉस्पिटलं किती? प्रोब हवा तेव्हा टेकवता येतो.

खरी परीक्षा शेवटी झाली. पोकळीत सलाइन भरून बघितलं तर तळ पांढराशुभ्र. मी लगेच म्हटलं, "सर, राहिलाय." सरांनी थांबवलं. सलाइनमध्ये आवाज फारसा शोषला जात नाही, त्यामुळे त्याच्या खालचा चांगला मेंदूही उजळ दिसतो. रक्त, रक्तस्राव थांबवायला ठेवलेलं सर्जिसेल, तेही पांढरंच. (नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमच्या सर्जननी याच त्रासापायी सलाइनऐवजी वेगळा द्राव वापरून पाहिला आहे.) आम्ही पॅटीज (कापसाच्या छोट्या पट्ट्या) काढल्या, रक्त धुतलं, बुडबुडे जाऊ दिले आणि प्रोब पोकळीच्या बाजूला, कॉर्टेक्सवर (मेंदूच्या पृष्ठभागावर) ठेवून आडवं पाहिलं. तळाची चमक गेली. मागच्या भिंतीतला एक छोटा ठिपका मात्र हलला नाही. सुरुवातीला साठवलेल्या चित्रातही तिथे ट्यूमरच होता. सरांनी तो काढून फ्रोझनला, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच होणाऱ्या तपासणीला, पाठवला. ट्यूमर निघाला. त्या वेळी माझ्या अंगावर काटा आला.

दुसऱ्या दिवशीच्या एमआरआयशेजारी ओटीतली चित्रं ठेवून मी तासभर बसलो. डाव्या बाजूची हालचाल चालवणाऱ्या मोटर भागाला लागून जी पातळ कड मुद्दाम सोडली होती, तेवढीच राहिली होती. काकांचा डावा हात शाबूत होता.

आता केसच्या आदल्या रात्री, प्रोब ज्या कोनातून टेकणार त्याच कोनातून मी मेंदू वहीत काढतो. आधी फाल्क्स, मग व्हेंट्रिकल.